आरोग्यातली विषमता कमी व्हावी असं वाटत असेल, तर देणगी मशीनला द्यावी की संशोधनाला?

वडिलांच्या स्मरणार्थ तालुक्याच्या रुग्णालयाला सोनोग्राफी मशीन द्यावं की संशोधनाला पैसे द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. एका कौटुंबिक ट्रस्टकडे येणारे आरोग्यविषयक अर्ज मी वाचते. मशीनला देणारे पुष्कळ भेटतात. गोरगरिबांच्या दुखण्याचा अभ्यास करायला आणि त्यासाठी गावोगाव फिरणाऱ्यांच्या पगाराला मात्र कुणी देत नाही. माझं मत विचाराल तर तिथे द्या.

गडचिरोलीचंच बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळं घरीच जन्मायची आणि घरीच दगावायची. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला किती श्वास पडतात ते मोजावं लागतं, आणि सुईणींना तेवढे आकडे येत नव्हते. म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधन बनवलं गेलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. असल्या वस्तूला बाजार नाही, त्यामुळे कुठली कंपनी त्यावर डोकं चालवणार?

पुढे ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन, ऊब, अंगावर पाजणं आणि जंतुसंसर्ग झालाच तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा. तुलनेला, हे शिक्षण न दिलेली ४७ गावं होती. १९९३–९५ मध्ये या ३९ गावांत हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यात जायची. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हा दर २५.५ झाला, तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पैसा फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनचा होता, आणि निकालासाठी त्यांनी वर्षानुवर्षं दम धरला, हे मला फार मोलाचं वाटतं. २०११ पासून केंद्र सरकारने ही पद्धत देशभर घेतली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते, ती यातूनच.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने, १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण तुलनेच्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांची तपासणी झाली नव्हती, आणि त्यावर पुढे कडक टीका झाली. ती मला रास्त वाटते. म्हणून संस्थेला आधीच विचारा: तुलनेच्या गटाला काय मिळणार, आणि निकाल गावाला कोण सांगणार?

अर्जात गावातल्या कार्यकर्तीचा पगार, पेशंटचं एसटी भाडं आणि बुडालेली मजुरी धरली आहे का, हेही बघा. ते नसेल तर सर्वांत गरीब बाई तपासणीला येतच नाही. पैसे तीन-चार वर्षांत विभागून द्या.

घरच्यांचा आग्रह मशीनचाच असेल तर ते चालवायला डॉक्टर आहे का, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी कोण करणार आणि देखभालीचा खर्च कुणाकडे, हे रुग्णालयाकडून लेखी घ्या. मगच चेक द्या.