पुरणपोळी नेऊ का?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिथली पाच-सहा मराठी घरं मिळून दर तीन महिन्यांनी एका चर्चमध्ये मुक्कामाला असलेल्या बेघर कुटुंबांसाठी जेवण नेतात. जावई एक रात्र तिथे झोपायलाही जातात. जूनमध्ये मी जाणार आहे. मुलगी म्हणते, "आई, तूही चल." यामागे धर्मप्रचार तर नसेल ना? आणि काय करून नेऊ? माझ्या पुरणपोळीचं सगळे कौतुक करतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी पुरणपोळीचं बोलू, कारण मीही तिथेच फसले होते. न्यू जर्सीत राहायला गेल्यावर पहिल्याच खेपेला मी तुपात न्हालेल्या वीस पोळ्या घेऊन गेले. मुलांनी वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने अगदी अदबीने विचारलं, "मॅकरोनी आहे का?" दिवसभर शाळा करून आलेलं, पाठीवरच्या पिशवीत संसार घेऊन फिरणारं पोर. त्याला ओळखीचा घास हवा होता. माझं कौतुक नको होतं.

तेव्हा साधं करा. भात, बेतानं तिखट राजमा, भाजलेले बटाटे. दाण्याचं कूट मात्र कशातच नको. तिथे काही मुलांना शेंगदाण्याची अॅलर्जी असते आणि आपला हात कोशिंबिरीत कूट घालायला सवयीने जातोच. मुक्काम सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी असेल, तर घरी शिजवलेलं न्यायच्या आधी विचारा. कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणाऱ्या स्वयंपाकघरात बाहेरचं अन्न सहसा चालत नाही.

आता धर्माचं. तुमची शंका मला चुकीची वाटत नाही, मलाही आली होती. या कामाची सुरुवात न्यू जर्सीतच झाली. कॅरन ओल्सन नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या एका म्हातारीला सँडविच दिलं, मग मुलांना घेऊन पुन्हा पुन्हा जात राहिल्या. आपल्याच भागात अख्खी कुटुंबं बेघर आहेत, हे त्यांना पुढे कळलं. १९८६ मध्ये त्यांनी चर्च आणि सिनेगॉग यांना एकत्र आणलं. प्रार्थनास्थळांच्या खोल्या रात्री रिकाम्याच असतात. मग एकेका ठिकाणी आठवडाभर मुक्काम, की पुढच्या आठवड्यात दुसरीकडे. दहा-बारा ठिकाणं झाली की प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांनी येते. आज ही संस्था फॅमिली प्रॉमिस या नावाने देशभर आहे, जरी आता काही गावांत फिरता मुक्काम सोडून एकच कायमची जागा केली आहे.

मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं : पाहुण्यांपुढे धर्माचा विषय काढायचा नाही. हो, त्यांना 'पाहुणे'च म्हणतात. नाताळचा आठवडा पुष्कळ ठिकाणी ज्यू मंडळी आपणहून मागून घेतात, म्हणजे ख्रिस्ती स्वयंसेवकांना घरी राहता येतं. मला तरी हे कुठल्याही सर्वधर्म परिषदेपेक्षा जास्त पटलं.

आणखी एक. हे लोक रिकामटेकडे असतील असं समजून जाऊ नका. बरेचसे नोकरी करणारे असतात. पण न्यू जर्सीत घरमालक दीड महिन्याच्या भाड्याइतकी अनामत मागू शकतो, वर पहिल्या महिन्याचं भाडं. एवढी रक्कम एकदम कुठून आणायची? काही निवाऱ्यांत बाप एकीकडे, आई-मुलं दुसरीकडे अशी ताटातूट होते; इथे अख्खं कुटुंब एका खोलीत राहतं.

म्हणून "घर कसं गेलं?" असं विचारू नका. आपल्याकडे चौकशी म्हणजे आपुलकी. तिथे ते प्रश्न त्यांना दहा कचेऱ्यांनी आधीच विचारलेले असतात. वाढून बाजूला उभ्याही राहू नका, ताट घेऊन शेजारी बसा. इंग्रजीची काळजी नको, लहान मुलांबरोबर पत्ते खेळायला ते फारसं लागत नाही.

रात्री थांबायचं मात्र जावयांवरच सोडा. घडीच्या खाटा फार बुटक्या असतात आणि पहाटे साडेपाचला उठून डबे भरावे लागतात.