बीयूसीची पॉवर कमी? आधी कनेक्टर बघ

३ डीबी घसरली म्हणजे पॉवर निम्मी झाली, पण म्हणून लगेच बीयूसीला (ब्लॉक अपकन्व्हर्टर, म्हणजे मोडेमचा सिग्नल वरच्या वारंवारतेवर नेऊन डिशवरून उपग्रहाकडे पाठवणारा डबा) दोष देऊ नकोस. मालवण-देवगडच्या खाऱ्या हवेत आधी मरतो तो केबलचा कनेक्टर. ट्रान्समिट बंद कर, मोडेमकडून जाणारा डीसी बंद कर, मगच कनेक्टर सोड. मधली तार हिरवट किंवा काळी पडली असेल तर पुसत बसू नकोस, टोक कापून नवा लाव. केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत पाणी झिरपलं असेल तर केबलच बदल. व्होल्टेज मात्र लोडवर, म्हणजे बीयूसी जोडून चालू असताना मोज. उघड्या टोकाला पूर्ण २४ व्होल्ट दिसतात आणि फसगत होते.

१० मेगाहर्ट्झचा रेफरन्स (ज्यावर बीयूसी आपली वारंवारता जुळवतो तो सिग्नल) गेला तर बहुतेक बीयूसी साफ गप्प होतात, त्यामुळे नुसती घट असेल तर तो संशय मागे ठेव. मोडेमची पातळी चढवून भरपाई तर मुळीच नको: केबल सुधारली की बीयूसी सॅच्युरेट होतो, म्हणजे क्षमतेपलीकडे ढकलला जातो, आणि शेजारच्या कॅरिअरला (दुसऱ्याच्या सिग्नलला) त्रास.

सीलिंगची टेप खालून वर गुंडाळ, कौलांसारखी वरची घडी खालच्यावर यायला हवी.