पुण्याजवळ नवशिक्यांसाठी फोर-बाय-फोर ऑफ-रोडिंगचा दिवस ठेवायचा आहे. जागा कुठली घ्यावी, शुल्क किती ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा गाड्या आहेत, बहुतेक थार आणि जिम्नी, दोन जुन्या जिप्सी, आणि जवळजवळ कुणीच अजून फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गियर) वापरून पाहिलेलं नाही. शेवटी लिहिलंय, 'पहिल्या मोठ्या पावसानंतर ठेवतोय, चिखलात मजा येईल.' त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. जागा आणि पैसे नंतर.

नवशिक्यांचा दिवस पावसात ठेवू नका. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च भरते आणि दोन फेऱ्यांत ऑल-टेरेन टायरही गुळगुळीत होतो. मग गाडी सरकली ती पाय जोरात पडला म्हणून की मातीमुळे, हे चालवणाऱ्याला कळतच नाही. कोरड्या मुरमावर प्रत्येक चूक सुटी दिसते आणि लगेच सुधारता येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ घ्या.

'अडकल्याशिवाय माणूस शिकत नाही' असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, कारण त्याचा शेवट मी पाहिलाय. असाच नवशिक्यांचा दिवस होता, आदल्या रात्री पाऊस झालेला. एक गाडी काळ्या रानात अॅक्सलपर्यंत बसली. चालकानं घाबरून अॅक्सिलरेटर दाबून धरला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी डिफरेन्शियलवर (अॅक्सलमधल्या गियरच्या फुगीर डब्यावर) टेकली. एवढी रुतलेली गाडी हलवायला साधारण तिच्या वजनाइतका जोर लागतो. माती बोनेटच्या बाजूंपर्यंत आली तर दुप्पट धरा. फावडं गाडीतच राहिलं, आयोजकानं थेट स्नॅच पट्टा (झटका देऊन गाडी ओढायचा ताणणारा पट्टा) काढला. अडकलेल्या गाडीकडे तो बांधला बंपर-गार्डला वेल्डिंग करून लावलेल्या हुकाला. पहिल्या झटक्याला गाडी हलली नाही. दुसऱ्या वेळी पुढच्या गाडीनं जास्त ढील घेऊन जास्त वेगानं ओढलं. वेल्डिंग सुटलं आणि हुक शॅकलसकट (पट्टा अडकवायच्या लोखंडी कडीसकट) ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून आत गेला. मागच्या सीटवर कुणी नव्हतं, एवढंच.

हे का झालं ते नीट समजून घ्या. स्नॅच पट्टा नायलॉनचा असतो आणि ओढल्यावर सुमारे २० टक्के ताणतो. त्या ताणात साठलेली सगळी शक्ती एका क्षणात बाहेर पडते, आणि जे तुटेल ते त्या शक्तीनं उडतं. पट्टा मऊ असतो, त्याच्या टोकाचं लोखंड मऊ नसतं. म्हणून चेसिसला बोल्ट केलेल्या, त्याच कामासाठी बनवलेल्या रिकव्हरी पॉइंटशिवाय कुठेही पट्टा लावायचा नाही. गार्डचा हुक नाही, टो बॉल नाही, ट्रकवर गाडी बांधायच्या कड्याही नाहीत. दोन पट्टे मध्ये शॅकल घालून जोडायचे नाहीत. जमलं तर लोखंडी शॅकलऐवजी सॉफ्ट शॅकल (दोराचा) घ्या. लोखंडीच असेल तर १९ मिमी जाडीचा, ४.७५ टन छापलेला बो शॅकल घ्या, पिन पूर्ण घट्ट करून पाव फेरा उलट फिरवा. पट्ट्यावर ओलं पोतं किंवा जाड चादर टाका. बाकी सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभे राहतील, म्हणजे ९ मीटरच्या पट्ट्याला किमान साडेतेरा मीटर. मोबाइलवर व्हिडिओ काढणारेही.

त्या दिवशी करायला हवं होतं ते इतकंच: चाकं थांबवायची, चारही चाकांपुढची आणि डिफरेन्शियलखालची माती फावड्यानं मोकळी करायची, टायरची हवा १५-१६ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवायची, चाकांखाली दगड किंवा ट्रॅक्शन बोर्ड (पकडीसाठीच्या खडबडीत फळ्या) सारायचे आणि ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं रिव्हर्समध्ये फोर-लोवर हळू बाहेर यायचं. वीस मिनिटांचं काम. नवशिक्यांच्या दिवशी झटका देणारा पट्टा निघाला तर चूक आयोजकाची, चालकाची नाही. आयोजकानं आखलेला अडथळाच चुकलेला असतो.

टायरच्या हवेवरूनही वाद घालणारे भेटतील. रस्त्यावर तिशीच्या आसपास असते, ती मुरमाला २२-२४ वर आणा. टायर लांबट पसरतो, पकड वाढते आणि अणकुचीदार दगडावर तो दबतो, फाटत नाही. १५ च्या खाली जाऊ नका, साध्या रिमवरून टायरची कड सुटते. परतीला हवा भरल्याशिवाय कुणालाही डांबरावर सोडू नका. दहा गाड्यांना सिगारेट सॉकेटवरचा एक छोटा पंप म्हणजे दोन-अडीच तास. बॅटरीला थेट क्लिप लागणारे दोन कॉम्प्रेसर हवेत.

आता अडथळे. चार पुरेत. पहिला, आडवे-तिडवे खड्डे. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, दोघांच्या मध्यांतलं अंतर अडीच मीटर. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी आणि पाच दारांच्या जिम्नीचा २५९०, त्यामुळे समोरचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदमच खाली जातं आणि उरलेली दोन चाकं हलकी होतात. खोली ३० सेंमी, कडा उतरत्या. इथे नवशिका चाक फिरताना ऐकतो आणि पाय काढतो. जिम्नीत ब्रेकनं चाक आवळणारी यंत्रणा चाक थोडं फिरल्यावरच जागी होते, म्हणून अॅक्सिलरेटर दोन-तीन सेकंद एकसारखा धरायला सांगा. जिप्सीत असली कुठलीच मदत नाही. तिच्यासाठी शेजारी कमी खोल खड्डे काढा.

दुसरा, चढ-उतार, २० अंशांच्या आत, खाली-वर सपाट जागा असलेला. उतरताना फोर-लो, पहिला गियर, क्लचवरून पाय पूर्ण बाहेर. पण त्याआधी सपाटीवर लिव्हर टाकण्याचाच सराव अर्धा तास घ्या. फोर-हाय आणि फोर-लो यांच्यामध्ये ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरबॉक्सचा) न्यूट्रल असतो. लिव्हर अर्धवट बसला की गाडी गियरमध्ये असूनही घरंगळते, ऑटोमॅटिक 'पी'मध्ये असली तरी. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून धरा, हँडब्रेक ओढा, रिव्हर्स टाका, क्लच दाबून चालू करा, सरळ मागे या. चढावर गाडी वळवायची नाही, उलटते ती तिथेच.

तिसरा, बाजूचा उतार, १५ अंशांपेक्षा कमी. फोनवरच्या कोनमापकानं आधी मोजा. घसरतेय असं वाटलं की स्टीअरिंग उताराकडे. चौथा, पाणी, तळ कडक असेल तरच आणि घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. आधी माणूस चालत जाऊन येईल. थारला कंपनी ६५० मिमी सांगते, पण तो आकडा नवशिक्यांच्या दिवसासाठी नाही.

प्रत्येक अडथळ्याला एकच माणूस खुणा करेल. दोघांनी हात हलवले की चालक थांबेल, हा नियम सकाळी सांगून टाका. सीटबेल्ट कायम, अंगठे स्टीअरिंगच्या कड्याबाहेर, गाडीतली सुटी बाटली डिकीत. ब्रेकखाली गेलेली बाटली उतारावर फार वाईट.

जागा. नाव देणार नाही, कारण नाव दिलं की पुढच्या रविवारी तिथे पन्नास गाड्या जातात. खासगी मुरमाड माळ शोधा आणि सातबारा बघा. त्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांची लेखी संमती घ्या, नाहीतर दुपारी एक जण काठी घेऊन येतो. ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांना आधी कळवा. आदल्या दिवशी सगळा माळ पायी फिरा: कठडा नसलेली विहीर, गवतात लपलेली पाइपलाइन, पंपाची वायर. शेताचे बांध तोडू नका. वनजमीन, नदीपात्र, समुद्रकिनारा नको, आणि जांभ्या खडकाचे सडे (सपाट कातळी पठारं) तर नकोच. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण तसलीच उथळ माती आणि फुलं नाव नसलेल्या कित्येक सड्यांवर आहेत आणि चाकाचा एक चर तिथे वर्षानुवर्षं राहतो.

घड्याळ लावून स्पर्धा घेऊ नका. खासगी गाडीच्या विम्यात स्पर्धा आणि वेगचाचणी वगळलेली असते. १०८ ची रुग्णवाहिका माळापर्यंत पोचेल का, ते वाट बघून ठरवा.

एक राहिलं: हे सगळं लो रेंज, म्हणजे फोर-लो, असलेल्या गाड्यांसाठी आहे. कुणी ऑल-व्हील-ड्राइव्ह क्रॉसओव्हर घेऊन येणार असेल तर त्याला फक्त चढ द्या, खड्डे नकोत. हवेचे आकडे टायरच्या मापाप्रमाणे दोन-तीन पीएसआय इकडे-तिकडे होतील.

शुल्काचा आकडा तुमचा तुम्ही काढा: जमीनमालक, जेवण, दोन कॉम्प्रेसर आणि खड्डे काढायचे जेसीबीचे तास. खड्डे बुजवायचे तासही त्यातच धरा आणि पैसे सकाळीच घ्या.