सोलापूरहून अमेरिकेला जायचंय. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास, येताना दीड-दोन तास कमी, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तिकिटावर रात्री १ ला सुटून सकाळी साडेसातला पोचतं असं दिसेल, त्याला भुलू नका. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

पण सोलापूरच्या माणसाने मुंबईपासून मोजायचंच कशाला?

मुलीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं निघालो तेव्हा मी हैदराबादहून दुबईमार्गे जाऊ म्हणत होतो. ठाण्याचे साडू म्हणाले, "थेट विमान सोडून दुबईला कशाला तडमडता?" बहिणीचे यजमान बोलले म्हटल्यावर आमच्या हिच्यासाठी विषय संपला. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो, सकाळी ठाण्यात. विमान मध्यरात्रीनंतरचं. अख्खा दिवस साडूंच्या हॉलमध्ये! त्यांनी हुकाचा काटा काढून बॅगा टांगून टांगून तोलल्या. एक २३ किलोच्या वर गेली, की कडक भाकरीची चवड बाहेर. शेंगाचटणी म्हणे हँडबॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असली की वेगळी तपासणी होते, हे सांगितलं तर "तुम्हाला कोण सांगतं हे?" शेवटी चटणी मोठ्या बॅगेतच राहिली, माझे बूट तेवढे हँडबॅगेत आले. घर सोडल्यापासून विमान सुटेपर्यंत एक रात्र, एक दिवस आणि वर अर्धी रात्र. न्यूयॉर्क त्याहून लवकर आलं की हो!

हैदराबाद सोलापूरहून ३०० किलोमीटर. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत गाडीने पाच-सहा तास, आणि रिंगरोड धरला की शहरात न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळावर. तिथून दुबई अडीच हजार किलोमीटर, दुबई ते न्यूयॉर्क ११,०००. म्हणजे मुंबईच्या थेट मार्गापेक्षा हजारएक किलोमीटर जास्त, तेही खुर्चीत बसून. दुबईत पाय मोकळे होतात ते वेगळंच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर काही थेट विमानांचे मार्गही लांबले. "थेट म्हणजे थेट" म्हणणाऱ्यांनी हे पण धरावं. ठाण्याच्या माणसाला मुंबई सोयीची, यात कसलं शहाणपण?

आता एवढं खरं, की व्हीलचेअर लागत असेल किंवा सोबत तान्हं मूल असेल तर विमान बदलायच्या भानगडीत पडू नका, मुंबईच बरी. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून आता मुंबईला विमानही सुरू झालंय, वेळ जुळली तर बघा. पण ते तिकीट वेगळं काढलं आणि इकडचं विमान लेट झालं, तर पुढचं तुमच्यासाठी थांबत नाही. हैदराबादहून जाणार असाल तरी न्यूयॉर्कपर्यंत एकच तिकीट काढा.