कायद्याच्या सत्र परीक्षेचे गुण कधी कळतात?

शेवटच्या पेपरनंतर साधारण महिना ते दीड महिना धरून चला. कायद्याची उत्तरं लांब असतात. मुद्दा नेमका ओळखलाय का, नियम दिलेल्या प्रसंगाला नीट लावलाय का, हे प्रत्येक वही वाचूनच ठरतं. त्यात जिथे श्रेणी वर्गातल्या इतरांच्या तुलनेत देतात, तिथे सगळ्या वह्या तपासून होईपर्यंत एकाचीही श्रेणी पक्की होत नाही. त्यामुळे एखाद्या विषयाचा निकाल उशिरा आला म्हणजे नापास, असं अजिबात समजू नका. अनेक ठिकाणी वहीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. म्हणून प्राध्यापकांऐवजी परीक्षा विभागाला तारीख विचारा. इंटर्नशिपसाठी अर्ज करताय? मग ‘निकाल प्रलंबित’ असं आत्ताच कळवून ठेवा.