नवे फ्रेमवर्क स्वीकारण्यापूर्वी

नव्या फ्रेमवर्कचा (ज्या तयार सांगाड्यावर सॉफ्टवेअर उभारतात त्याचा) नमुना पाच मिनिटांत चालू झाला म्हणून तुम्ही भारावून गेला आहात, हे मी समजू शकतो. तरीही चालू प्रकल्प त्यावर नेण्याची घाई करू नका, असे मी कळकळीने सांगतो. २०१० मध्ये आलेले अँग्युलरजेएस हे वेब ॲप बनवण्याचे फ्रेमवर्क असेच अनेकांनी डोळे झाकून स्वीकारले. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच्या पुढचे अँग्युलर २ आले ते मुळापासून नव्याने लिहिलेले होते, त्यामुळे स्कोप आणि कंट्रोलर या अँग्युलरजेएसच्या मूळ घटकांवर बेतलेला जुना कोड जसाच्या तसा पुढे नेता येईना. दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी चालवण्याची सोय होती हे खरे, पण पुनर्लेखन टळले नाही, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधारही संपला.

म्हणून आधी तुमच्या प्रकल्पातला सर्वांत किचकट स्क्रीन नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहून पाहा: फॉर्म अर्धा भरलेला असताना लॉगिनची मुदत संपली किंवा सर्व्हरकडून एरर आली, तर भरलेली माहिती टिकते का, आणि दिसणारा एरर मेसेज तुमच्याच कोडमधल्या ओळीकडे बोट दाखवतो की फ्रेमवर्कच्या पोटात हरवतो, हे बारकाईने तपासा. त्या फ्रेमवर्कच्या आवृत्ती बदलांची नोंदवही मात्र त्याआधीच वाचून काढा.