परक्या गावातले गरोदरपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (म्हापसा) : आमच्या शेजारच्या बांधकामावर काम करणारी पश्चिम ओडिशाची एक स्त्री पाचव्या महिन्यात आहे. तिच्याजवळ गोव्याच्या रहिवासाचा दाखला नाही. सरकारी केंद्रात तिची नोंदणी होईल का?

उत्तर : होईल. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्यविम्याला, आहे, आणि लोक नेमकी तीच सगळीकडे लावून मोकळे होतात. 2011 पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मात्र सरकारी रुग्णालयातली प्रसूती, शस्त्रक्रिया करावी लागली तरी, औषधे, तपासण्या व रक्तासह विनामूल्य आहे. तिला लवकरात लवकर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही मागून घ्यावी, कारण त्या भागात हा आजार बराच आढळतो. बांधकाम मजुरांना गोव्यात हिवतापासाठी आरोग्य कार्ड काढावे लागते. तिचे ते असले, तरी ताप येताच रक्त तपासावेच. हिवतापावरचे प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. मुकादम रजा देत नाही ही अडचण खरी आहे, आणि तिथे शेजाऱ्याचा एक शब्द कामी येतो.

प्रश्न (फोंडा) : परदेशांत निर्वासित स्त्रियांच्या गरोदरपणात गुंतागुंत अधिक आढळते, असे वाचले. रुग्णालय तेच, डॉक्टर तेच. मग फरक कशाने पडतो?

उत्तर : बहुतेक वेळा पहिली तपासणी किती उशिरा झाली, याने. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने गर्भाचे वय आठवडाभराच्या फरकाने कळते. सातव्या महिन्यानंतर तो फरक तीन आठवड्यांवर जातो. पाळीची तारीखही आठवत नसेल, तर मूल लहान आहे की दिवस कमी भरले आहेत, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही आणि कळा सुरू करण्याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. दुसरे कारण भाषेचे. दुभाषी म्हणून नवरा किंवा शाळकरी मुलगा बसला, तर आधीचा गर्भपात किंवा मारहाण ती सांगणार कशी? भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, पण स्थलांतरित मजूर स्त्रीच्या बाबतीत आपल्याकडेही हेच घडते.

प्रश्न (डिचोली) : म्हणजे स्थानिक स्त्रियांना काळजी नको?

उत्तर : असे मुळीच नाही. गरोदरपणातला मधुमेह रहिवास पाहून येत नाही. पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्तशर्करा तपासतात. 140 किंवा अधिक आली, तर आहारापासून उपचार सुरू होतात.

प्रश्न (वास्को) : आमची घरकाम करणारी बाई बाळंतपणाला कर्नाटकात माहेरी जाणार आहे. काय बरोबर द्यावे?

उत्तर : माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि पुढच्या महिन्याच्या लोहाच्या गोळ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर 28 व्या आठवड्यातले अँटी-डी इंजेक्शन (आईचा व बाळाचा रक्तगट न जुळल्यास होणारा त्रास टाळणारे) इथे झाले की तिथे घ्यायचे, हे कार्डावर लिहून घ्यावे. कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवरही असू द्यावा.